हुपरीच्या पोरीसाठी प्रार्थना-विनंती

"आज्जी, ती मरणार हाय! आत्ता! कुणीतरी चला की!"

माझी नात भर उपासनेत, बाकांच्या दोन रांगांमधल्या वाटेवर उभी राहून ओरडली. वय सोळा. पाय अनवाणी. पाळकसाहेब तेव्हा प्रार्थना-विनंत्या घेत होते. आमच्या चर्चमध्ये दर रविवारी हे असतं. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाची परीक्षा आहे, कुणाचं लग्न जमत नाही, ते एकेकानं उठून सांगायचं आणि मग सगळ्या मंडळीनं मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. एका बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच सांगून झालं होतं.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "कोण मरणार, बाळ?"

"माझी मैत्रीण. हुपरीची. घरी जाऊन जीव देते म्हणून लिवलंय तिनं. घरात कुणी न्हाय तिच्या."

पाळकसाहेबांचा चेहरा खरोखर उतरला. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "मंडळी, आपण सर्व जण डोळे मिटू या."

शंभर-सव्वाशे माणसांनी डोळे मिटले. मीही मिटले. लिहायला लाज वाटते, पण मिटले. साठ वर्षांची सवय आहे. ते शब्द कानावर पडले की पापण्या आपोआप खाली येतात. पाळकसाहेबांनी हुपरी गावापासून सुरुवात केली. मग तालुका घेतला, मग तरुण पिढी घेतली, मग देशातल्या सगळ्या निराश लोकांना घेतलं. माझ्या दंडाला धरून कुणीतरी गदागदा हलवलं, तेव्हा मी डोळे उघडले. सगळ्या चर्चमध्ये डोळे उघडे असलेल्या आम्ही दोघीच होतो, मी आणि नात.

मी उभी राहिले. "साहेब, आमेन म्हणा. आम्हाला जायचं हाय."

पाळकसाहेब थांबले. पुढच्या बाकावरचे एक वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले कारभारी, मागं वळून म्हणाले, "बाई, प्रार्थना पुरी होऊ द्या की."

"तवर पोरगी पुरी होईल," मी म्हणाले आणि नातीला ओढत बाहेर आले.

मागं कुणी आलं नाही. ती वाईट माणसं नव्हती. गुडघ्याच्या बाईंना त्यांनी डबे पोचवले असते, माझ्या प्रेताला खांदाही दिला असता. त्या घडीला ते मदतच करत होते असं त्यांना वाटत होतं, हेच तर डोकं फिरवणारं आहे. देव ऐकतो हे मलाही माहीत आहे. पण देवाला पाय आमचेच वापरावे लागतात आणि ते आम्ही बाकाखाली घेऊन बसलो होतो.

बाहेर नातीनं आणलेली रिक्षा उभी होती. आत बसल्यावर मी विचारलं, "नाव काय तिचं?"

तिनं एका फुलाचं नाव सांगितलं.

"हे खरं नाव?"

"न्हाय. नेटवरचं."

"खरं काय?"

"ठावं न्हाय."

"आडनाव? बापाचं नाव? गल्ली?"

बाप पैंजणाचं काम करतो, एवढंच तिला ठाऊक होतं. बाकी ती नुसती रडत होती. रिक्षावाला मान न वळवता म्हणाला, "पोलिसात जावा, मावशी." मी म्हटलं, "जाऊन काय सांगू? मोगऱ्याला वाचवा म्हणून?" फूल वेगळं होतं, पण अर्थ तोच.

दोन वर्षांची मैत्री आणि बापाचं नाव माहीत नाही. आमच्या कोल्हापुरात बसमध्ये शेजारी बसलेल्याला माणूस आधी विचारतो, "पावणं, कुठलं? कुणापैकी?" मग खिडकी उघडायची की नाही ते ठरवतो. या पोरी रोज तासभर बोलत होत्या आणि एकमेकींना तेवढंही विचारलं नव्हतं. मला भयंकर राग आला होता. निदान तो रागच आहे असं मी तेव्हा धरून चालले.

हे नेटचं प्रकरण आमच्या घरात आधीपासून धुमसत होतं. शिवाजी पेठेत आम्ही राहतो त्या गल्लीच्या तोंडाला पूर्वी एसटीडी बूथ होता. नव्वदनंतरच्या वर्षांत मुंबई-पुण्याला फोन करायला तिथं रांग लागायची. दोन हजार साल उलटलं, घरोघरी फोन आले, तसे बूथवाल्यानं काचेची केबिन काढून टाकली आणि प्लायवूडचे सहा खोके ठोकले. प्रत्येकात एक कॉम्प्युटर. चपला बाहेर, पोरं आत. माझा मुलगा आणि सून पुण्याला नोकरीला होते आणि नात शिक्षणासाठी माझ्याकडं होती. ती "प्रोजेक्ट" म्हणून जायची. असलं कसलं प्रोजेक्ट, जे करून आल्यावर पोरगी एकटीच हसते नाहीतर जेवत नाही?

मी चौथी शिकले. इस्पितळात एकतीस वर्षं आया होते. बेडपॅन धुतली, चादरी बदलल्या, मेलेल्या बायकांना आंघोळी घातल्या. कॉम्प्युटर मला कळत नाही, पण माणसाचं तोंड मला वाचता येतं. एकदा मी सरळ खोक्याचं दार उघडून तिला दंडाला धरून बाहेर काढलं. गल्लीभर तमाशा झाला.

"कुणाशी बोलतीस?"

"मैत्रिणीशी."

"बाप्या असंल तो."

"न्हाय, पोरगीच हाय. दहावीत गणितात नापास झालीय. सगळी तिला बोलत्यात. तिचं ऐकायला कुणी न्हाय."

"आणि तुझं ऐकायला? चर्चमध्ये तुझ्या वयाच्या वीस पोरी हायत. तरुण संघ हाय. बोल की त्यांच्याशी."

ती मला म्हणाली, "तुमच्यात काय बी सांगितलं की त्याची प्रार्थना-विनंती होती."

मी तिला एक थोबाडीत दिली. कारण ते खरं होतं आणि ते माझ्यामुळं खरं झालं होतं. त्याच्या महिनाभर आधी बायकांच्या शुक्रवारच्या सभेत मी उठून सांगितलं होतं, "माझ्या नातीला नेटचं व्यसन लागलंय, तिच्यासाठी प्रार्थना करा." वीस बायकांनी कळवळून प्रार्थना केली. रविवारपर्यंत मंडळीतल्या पोराटोरांनाही ते कळलं. उपासना सुटल्यावर दारात हात मिळवताना एक काकू नातीला म्हणाल्या, "काय गं, सुटलं का व्यसन?" आमच्यात चुगली करायला बंदी आहे, पण तीच डोळे मिटून केली तर चालते.

नंतर बाहेरगावाहून एक वक्ते आणले. त्यांनी पोरांना तासभर सांगितलं की इंटरनेट हे सैतानाचं जाळं आहे आणि प्रभूच्या कोळी शिष्यांनी जाळी टाकून दिली, तशी तुम्हीही टाका. पोरं माना हलवत होती. मीही हलवली. सभा सुटल्यावर पाचातली चार पोरं थेट खोक्यांत गेली आणि वक्त्यांनीही पाळकसाहेबांना विचारलं, इथं जवळपास नेट कुठं आहे, मला मेल बघायचीय.

तर ही अशी पार्श्वभूमी. आणि तरीही त्या रविवारी, उपासनेआधी चोरून खोक्यात गेलेल्या माझ्या नातीनं तो मेसेज वाचला, तेव्हा ती चपला तिथंच टाकून पहिली आली ती चर्चमध्येच. तिला वाटलं, तिथं माणसं आहेत.

मेसेज आदल्या अर्ध्या तासातला होता. हुपरीच्या कॅफेतून पाठवलेला. घरची सगळी सांगलीकडं लग्नाला गेली आहेत, मी घरी चालले, तू चांगली होतीस, असं काहीतरी. म्हणजे वेळ अगदीच गेलेली नव्हती. इस्पितळात मी एवढं शिकले होते की असल्या केसमध्ये औषधाच्या आधी घड्याळ बघायचं.

मी रिक्षा आमच्या गल्लीतच घ्यायला सांगितली. आमच्या समोर एक जैन गृहस्थ राहायचे. गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, त्यांचं चांदीचं दुकान होतं आणि पैंजण सगळे हुपरीहून यायचे. मी त्यांना अण्णा म्हणायची, ते मला आक्का. अण्णा दुकानाला निघायच्या बेतात टोपी झटकत होते.

"अण्णा, हुपरीत एक पोरगी जीव द्यायला लागलीय. घर शोधायचं हाय. बाप पैंजणाचं काम करतो."

"आक्का, हुपरीत कोण करत न्हाय पैंजणाचं काम? कुणाची पोरगी?"

"ठावं न्हाय."

"आडनाव?"

"न्हाय."

अण्णांनी टोपी खाली ठेवली. मी नातीला पुढं ढकललं. "तुला जे जे ठावं हाय ते समदं बोल. लाजू नगंस."

आणि ती बोलायला लागली. मी बघतच राहिले. घरासमोर पिठाची गिरणी आहे. दुपारी तिथं मिरची दळायला घेतली की हिच्या घरात सगळे शिंकतात आणि अभ्यास होत नाही. गिरणीवाल्याला कमी ऐकू येतं, त्यामुळं त्याच्या घरातलं भांडण सगळ्या गल्लीला कळतं. वडील पैंजणांना घुंगरं बसवतात, उजव्या अंगठ्याचं नख भाजून काळं पडलंय. रागावले की बोलत नाहीत, नुसती घुंगरांची डबी आपटतात. आई घुंगरं निवडता निवडता झोपते. पोरीला गणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी उलट्या होतात, हे घरात कुणाला माहीत नाही. ती आवाज येऊ नये म्हणून नळ सोडून ठेवते.

वॉर्डातल्या पेशंटांचीही मला इतकी माहिती नसायची. नाव, गाव, जात, आडनाव मला सगळ्यांचं पाठ असायचं. नळ कोण का सोडून ठेवतं ते मी कधी विचारलं नाही. घरातही नाही.

अण्णा डोळे बारीक करून ऐकत होते. "घुंगरं बसवणारा. समोर मिरचीची गिरणी. तसल्या दोन हायत." मग एकदम मांडीवर थाप मारली. "बहिरा गिरणीवाला! एकच हाय तो. माझ्या साडूच्या गल्लीत." त्यांनी वहीतून नंबर काढून गिरणीला फोन लावला.

आता बहिऱ्या माणसाला चालू गिरणीत फोन करणं म्हणजे काय असतं, ते ऐकणाऱ्यालाच कळेल.

"हॅलो! मी कोल्हापूरहून! समोरच्या घरात जावा! समोरच्या!"

पलीकडून गिरणीची घरघर आणि मोठा आवाज. "गहू? गहू सांच्याला मिळंल!"

"गहू न्हाय मर्दा! पोरगी! समोरची पोरगी!"

"कोण मेलं?"

"अजून कोण न्हाय! जा की!"

"बाजरी आज न्हाय!"

अण्णांसारख्या शांत, मुंगी चुकवून चालणाऱ्या माणसानं त्या दिवशी फोनमध्ये अशी एक शिवी हासडली की आतून त्यांची बायको बाहेर आली. शेवटी गिरणी बंद झाली. गिरणीवाल्याच्या बायकोनं फोन घेतला. तिला एका वाक्यात कळलं. "थांबा," म्हणाली आणि फोन तसाच टाकून पळाली.

आम्ही चौघं त्या फोनभोवती उभे होतो. रिसीव्हरमधून लांबून दार ठोठावल्याचा आवाज यायचा. मग माणसं बोलल्याचा. मग काहीतरी फुटल्याचा. बायको परत आली, धापा टाकत. "दाराला आतनं कडी हाय. ह्यांनी कौलं काढली. वरनं उतरल्यात."

कौलं काढून आत उतरला. शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या पोरांच्या रविवारच्या वर्गात, ती बायबलातली गोष्ट मी कितीदा ऐकली असेन, चार जणांनी छप्पर उघडून आजारी माणसाला प्रभूपुढं सोडलं ती. मी स्वतः ती पोरांना शिकवलेली आहे, चित्रं दाखवून. त्या गिरणीवाल्यानं ती उभ्या आयुष्यात ऐकलेली नव्हती.

"हाय," बायको म्हणाली. "जित्ती हाय. पण शुद्ध न्हाय."

काय घेतलं होतं ते मी लिहिणार नाही, त्याची कुणाला गरज नाही. मी अण्णांच्या हातून फोन ओढून घेतला. "काय बी पाजू नका. मीठपाणी न्हाय, दूध न्हाय, लिंबू न्हाय. कुशीवर निजवा. शेजारी काय बाटली, पुडी पडली असंल ती संगट घ्या. आणि मिळंल त्या गाडीनं कोल्हापूरला मोठ्या इस्पितळात आणा, मी दारात उभी हाय."

भाजीच्या टेम्पोतून आणली तिला. मी आणि नात इस्पितळाच्या दारात आधीच जाऊन थांबलो होतो. गिरणीवाला पिठानं पांढरा झाला होता, वर कौलांची काळी धूळ. पोरीला त्यानं दोन हातांवर उचलून आणलं. बारीक, सावळी, निळा पंजाबी ड्रेस, एका कानातलं पडलेलं.

माझी नात तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं गिरणीवाल्याच्या बायकोला हळूच विचारलं, "हीच का?"

दोन वर्षं रोज बोलत होत्या आणि तिला ती ओळखू आली नाही.

"व्हय की, हीच. तू कोण गं?"

नात त्यांच्यामागनं आत पळाली.

दुपारी दोनच्या सुमाराला, निरोप मिळाल्यावर, आईबाप आले, लग्नातले कपडे अंगावर. आई भिंतीला टेकून खाली बसली. बापाच्या अंगठ्याचं नख काळं होतं. त्यानं सगळी हकीकत गिरणीवाल्याकडून ऐकली आणि माझ्या नातीपुढं येऊन उभा राहिला.

"तू कोण?"

"मैत्रीण."

"शाळंतली?"

"न्हाय. नेटवरची."

त्याला ते समजलं नाही. "म्हंजे कुठली? कुणाची?"

मी पुढं होऊन आमचं नाव-गाव सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या घरातलं कोल्हापुरात ठावं आणि मला न्हाय?" रागानंच म्हणाला. मी म्हटलं, "तुम्हाला ठावं असतं तर छप्पर फोडायला लागलं नसतं." असं बोलायची ती वेळ नव्हती हे मला कळतं. पण त्याच वाक्यातलं निम्मं मी स्वतःलाही लावून घेत होते, ते त्याला कुठून कळावं. इथं आपटायला डबीही नव्हती.

पाळकसाहेब चारला आले, दोन बायकांना घेऊन. त्यांनी बाहेरच्या बाकावर माझ्याशेजारी बसून हळू आवाजात विचारलं, "आम्ही काय करू, बाई?" इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा असं विचारलं. मी म्हटलं, "प्रार्थना करा, ती तर हवीच. पण आधी हे लिहून घ्या. ह्या पोरीच्या आईनं सकाळपासून पाणी घेतलेलं न्हाय. आईबाप आणि माझी नात, तिघांचा डबा, दोन वेळचा. एक बाई पोरीपाशी बसायला, पाळीपाळीनं. आणि कुणी बी तिला विचारायचं न्हाय की का केलंस."

आणि मंडळीनं ते केलं, हेही लिहिलं पाहिजे. काम नेमून दिलं की आमची माणसं बिनतक्रार करतात. गुडघ्याच्या ऑपरेशनच्या बाईंनी सुनेच्या हातून भाकरी पाठवल्या. व्यसन सुटलं का म्हणून विचारणाऱ्या काकू सोमवारी दिवसभर त्या पोरीच्या पायाशी बसल्या आणि तोंड बंद ठेवलं, जे त्यांना प्रसूतीपेक्षा जड गेलं असणार.

पोरीची शुद्ध येत-जात होती. डॉक्टर म्हणत होते, अजून काही सांगता येत नाही, मूत्रपिंडाचं बघावं लागेल. नात शाळेला गेली नाही. ती पलंगाशी बसून तिच्याशी बोलत राहायची, ऐकू येतंय की नाही याचा विचार न करता. बाप दारात उभा राहून ऐकायचा. दोनदा मी पाहिलं की तो आत यायला लागला आणि परत फिरला. मंगळवारी तो आत येऊन स्टुलावर बसला आणि माझ्या नातीला म्हणाला, "नळाचं काय म्हणालीस मगाशी? परत सांग." नातीनं सांगितलं. ऐकून त्यानं स्टूल पलंगाजवळ ओढलं.

त्याच संध्याकाळी चर्चमधले, पुढच्या बाकावरचे ते मंडळीचे वडील आले. रविवारी तुमच्या नातीला व्यासपीठावर उभं करू, म्हणाले, तिची साक्ष होऊ दे. देवानं तिला कसं वापरलं ते तरुणांना कळायला हवं.

"न्हाय," मी म्हटलं.

"अहो, देवाचा गौरव होईल."

"गौरव करायचा तर त्या गिरणीवाल्याचा करा. आणि त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागतंय."

ते नाराज होऊन गेले. मला त्यांच्याशी भांडायलाही जोर उरला नव्हता. मी नातीला घरी चल म्हटलं. ती नाही म्हणाली. मग मी तिच्या चपला नेट कॅफेतून आणवल्या आणि तिथंच थांबले.

बुधवारी दुपारी पोरीनं नीट डोळे उघडले. समोर आई, बाप आणि एक अनोळखी मुलगी. तिनं मुलीकडं बराच वेळ पाहिलं. माझ्या नातीनं वाकून तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ते काय होतं ते मी विचारलं नाही. पोरीनं तिचं बोट धरलं, मग बापाकडं बघून पाणी मागितलं. डॉक्टर आले, कागद बघितले, लघवीचं प्रमाण विचारलं आणि म्हणाले, आता काळजी नाही.

हुपरीची पोरगी जगली.